चंचल लेकरू आणि मेंदूवर चालणारा खेळ



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या अंकातला विषय वेगळा आहे. तो आमच्या खात्याचा नाही, हे आम्ही जाणतो. परंतु उसाच्या बिलाचा पैसा कुठे जातो, हे पाहणे आमच्या खात्याच्या अगदीच बाहेरचे आहे असेही नाही.

झाले असे, की गेल्या हंगामात पहिला हप्ता खात्यावर जमा झाला त्या आठवड्यात माकणीच्या गट ऑफिसात एक सभासद आले. खोडव्याच्या नोंदीचे काम झाले तरी उठेनात. मग म्हणाले, "सायेब, तुम्ही चार बुकं शिकलेले, म्हणून इचारतो. आमचं लेकरू चौथीत आहे. एका जागी टिकत नाही. पुस्तक हरवतंय, दप्तर इसरतंय, गुरुजी म्हणत्यात ध्यानच नाही. शहरात एक केंद्र निघालंय म्हणं. डोस्क्याला पट्टी लावत्यात, अन् समोर टीव्हीवर इमान उडतंय. ध्यान लागलं की इमान वर, ध्यान गेलं की खाली. चाळीस बैठका केल्या की लेकरू सुधरतंय म्हणत्यात. पैसे दोन हप्त्यांत. घालू का?"

आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. विमान खरेच मेंदूने उडते का, हेही आम्हांस सांगता येईना. नंतर मिळेल ते वाचले, ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना दोन वेळा भेटलो. अशीच विचारणा दुसऱ्याही दोघा-तिघांनी केल्यामुळे समजले ते सर्वांसाठी लिहीत आहोत.

आजार कोणता

लेकरू म्हटले की चंचलपणा आलाच. सहा वर्षांचे पोर दिवसभर एका जागी बसले, तर आईच घाबरून जाईल. तेव्हा नुसते चंचल असणे हा आजार नव्हे. परंतु काही मुलांमध्ये हे प्रमाण त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा इतके अधिक असते, की शिकणे, खेळणे, घरात वागणे सारेच विस्कटते. कामाला हात घालतात पण शेवटास नेत नाहीत. सांगितलेले कानावर पडते पण मनात उतरत नाही. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतात. रांगेत उभे राहणे जमत नाही. डॉक्टर मंडळी याला एडीएचडी म्हणतात. मराठीत अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असे म्हणावे लागेल.

हे ठरविण्याची एक रीत आहे. लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसू लागलेली असावी लागतात, किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात, आणि एकाच जागी नव्हे तर घरी, शाळेत, नातलगांत अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. नुसत्या गणिताच्या तासाला चुळबुळ करणारे पोर यात बसत नाही. तिथे दोष गणिताचा असेल किंवा शिकविण्याचा. जगभरच्या पाहण्यांत शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांत ही अडचण आढळते. म्हणजे आपल्या गावच्या शाळेत प्रत्येक वर्गात एखादे-दुसरे असणारच. त्यांत काही मुली असतात, आणि त्या पुष्कळदा कुणाच्याच ध्यानात येत नाहीत. कारण त्या दंगा करीत नाहीत. खिडकीबाहेर पाहत शांत बसतात आणि नापास होतात.

हा दोष बहुतांशी जन्मजात असून घराण्यात चालत येतो. आईने लाड केले म्हणून किंवा बापाने धाक दाखविला नाही म्हणून तो होत नाही, आणि मारून जातही नाही. आमच्याकडे आलेल्या त्या सभासदाने कबूल केले, की लेकराला लिंबाच्या फोकाने मारून झाले, दंडाला गंडा बांधून झाला. असे करणारे ते एकटे नाहीत.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. "साखर खाल्ली की पोर बेफाम होतं," हे वाक्य आम्ही शिकलेल्या घरांतूनही ऐकले आहे. आम्ही पडलो साखर कारखान्याचे नोकर, तेव्हा साखरेची बाजू घेतली तर लोक हसतील. तरीही सांगतो. अमेरिकेत यावर पुष्कळ प्रयोग झाले. मुलांना कधी साखरेचे, कधी दुसऱ्या गोडव्याचे खाणे दिले, आणि कुणाला काय दिले हे मुलांना, पालकांना वा तपासणाऱ्यांना कळू दिले नाही. १९९५ साली अशा प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा साखरेने वागण्यात वा बुद्धीत फरक पडल्याचे दिसले नाही. (दात किडतात आणि वजन वाढते, ते वेगळे. ते आम्ही नाकारीत नाही.)

याहून मजेशीर प्रयोग १९९४ सालचा आहे. ५ ते ७ वर्षांची ३५ मुले घेतली. ही सारी मुले साखरेने बिघडतात असे त्यांच्या आयांचे म्हणणे. साखर कुणालाच दिली नाही. पण निम्म्या आयांना खोटेच सांगितले, की तुमच्या मुलाला आता भरपूर साखर दिली आहे. त्या आयांनी आपले पोर जास्त दंगा करते आहे असे लिहून दिले, आणि त्या मुलाला अधिक टोकूही लागल्या. पोर तेच होते. बदलली ती आईची नजर. हा प्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवावा. विमानाच्या खेळाकडे वळल्यावर तो उपयोगी पडणार आहे.

पट्टी काय मोजते

आता पट्टीकडे येऊ. मेंदूतील पेशी एकमेकींशी बोलतात त्या अगदी बारीक विजेच्या साहाय्याने. लाखो पेशी एका तालात चालल्या, की ती वीज कवटी व कातडी पार करून बाहेर जाणवते. ती इतकी क्षीण असते, की एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यांतले काही थोडे भाग हाती लागतात. जर्मनीतील येना या गावी हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ही वीज प्रथम कागदावर उतरविली आणि १९२९ साली प्रसिद्ध केली. फिट येणाऱ्या रुग्णाचा 'ई.ई.जी.' काढतात तो हाच. आपल्यापैकी कित्येकांनी लातूरला किंवा सोलापूरला नेऊन तो काढला असेल.

आपल्या भागातील लोकांस हे समजावणे सोपे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भूकंपमापकाच्या कागदावरील वेड्यावाकड्या रेघा आपण वर्तमानपत्रांत पाहिल्या. ई.ई.जी.च्या रेघा तशाच दिसतात. आणि जसे त्या रेघांवरून जमिनीच्या पोटात किती जोराची हालचाल झाली ते कळते, पण आत कोणता खडक नेमका कसा तुटला ते दिसत नाही, तसेच इथेही आहे. रेघांवरून मेंदू झोपेत आहे की जागा, सुस्त आहे की सावध, याचा अंदाज येतो. मनात काय चालले आहे ते वाचता येत नाही. पट्टी लावून मनातले ओळखतो, असे कुणी सांगत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

रेघांचे प्रकार वेगापरत्वे पाडले आहेत. सेकंदाला ४ ते ७ हेलकावे घेणाऱ्या संथ लाटा पेंगताना वा तंद्रीत वाढतात. सेकंदाला १३ हून अधिक हेलकाव्यांच्या जलद लाटा माणूस सावध असताना जास्त दिसतात. लक्ष न लागणाऱ्या मुलांत संथ लाटा जास्त व जलद लाटा कमी, असे जुन्या पाहण्यांत आढळले होते. त्या आधारावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली एका यंत्राला, डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणून, परवानगी दिली. पुढच्या पाहण्यांत मात्र हा फरक तितका पक्का निघाला नाही. एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांच्या लाटा चारचौघांसारख्याच असतात. म्हणून नुसती पट्टी लावून "तुमच्या मुलाला हा आजार आहे" असे छापील कागदावर काढून देणे बरोबर नाही.

आणखी एक अडचण. पापणी लवली, दात आवळले, कपाळाला आठी पडली, तरी त्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते. दवाखान्यातील चांगल्या यंत्रावर जाणकार माणूस ती वेगळी काढतो. कपाळावर एकच टिकली टेकविणाऱ्या स्वस्त पट्टीला ते नीट जमेलच असे नाही. विमान मेंदूने वर गेले की दात आवळल्याने, हे पोरालाही कळत नाही आणि पट्टीवाल्यालाही.

मोजण्याने गुण कसा येणार, हा प्रश्न रास्त आहे. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहिला म्हणून ऊस गोड होत नाही. पण येथे कल्पना थोडी निराळी आहे. ट्रॅक्टरने सरी सोडताना ड्रायव्हर सारखा मागे वळून पाहतो. सरी वाकली की लगेच स्टिअरिंग सावरतो, आणि महिनाभरात त्याचा हात बसतो. मागे पाहायची सोय नसेल तर जन्मभर त्याची सरी वाकडीच जाईल. आपले लक्ष कधी सुटते हे मुलाला आतून दिसत नाही. पट्टी ते पडद्यावर तत्क्षणी दाखविते. लक्ष सुटले, विमान खाली आले. सावरले, वर गेले. अशा सरावाने आतली पकड बसेल, ही त्यामागची आशा. तिला न्यूरोफीडबॅक म्हणतात.

आशा खुळी नाही. कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन नावाच्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात मांजरींना शिकविले, की विशिष्ट लाट आणली की खाऊ मिळेल. मांजरी शिकल्या. पुढे अग्निबाणाच्या इंधनाचा विषारी परिणाम तपासताना त्याच शिकलेल्या मांजरींना फिट यायला इतरांपेक्षा उशीर लागला, असे त्यांना दिसून आले. १९७६ साली टेनेसी राज्यात जोएल लुबार यांनी अतिचंचल मुलांवर हीच रीत वापरून पाहिली. मग अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या लँग्ली केंद्रात अॅलन पोप हे वैमानिकांचे लक्ष किती लागते ते मेंदूच्या लाटांवरून मोजीत होते. त्यांच्या ध्यानात आले, की हीच युक्ती घरातल्या व्हिडिओ गेमला जोडता येईल. लक्ष असेल तर खेळाचा दांडा नीट चालेल, नाही तर अडेल. कंटाळवाण्या सरावापेक्षा मुलांना हे आवडले. गुण मात्र साध्या सरावाएवढाच आला.

सिंगापूरमध्ये काम अधिक नेटाने झाले. तेथील मानसिक आरोग्य संस्थेतील डॉक्टर आणि अभियंते यांनी मिळून एक खेळ तयार केला. पडद्यावर एक बेट, बेटाभोवती धावणारे एक पात्र. मुलाचे लक्ष जितके लागेल तितके ते जोरात पळते. हाताने चालवायचे नाही. २०१२ साली २० मुलांवरील निकाल प्रसिद्ध झाला, तो बरा होता. मग ६ ते १२ वर्षांची १७२ मुले घेतली. निम्म्यांना आठवड्यातून ३ याप्रमाणे ८ आठवडे खेळविले, निम्म्यांना थांबविले. २०१९ साली निकाल आला. डॉक्टरांनी तपासले तेव्हा खेळलेल्या मुलांचा बेलक्षपणाचा आकडा सरासरी ३.५ ने उतरला होता, थांबलेल्यांचा १.९ ने.

शहरातील केंद्राच्या रंगीत कागदावर असाच कुठला तरी निकाल छापलेला असतो. तो खोटा असेलच असे नाही. परंतु येथे आमच्या खात्याचे ज्ञान उपयोगी पडते.

साध्या पाण्याचा प्लॉट

उसावर फवारायचे टॉनिक घेऊन एजंट बांधावर येतो, ही गोष्ट कोणत्या सभासदाला ठाऊक नाही? शेतकरी बाटली घेतो. बाटलीला पैसे घातलेत म्हणून त्या प्लॉटला पाणी वेळेवर देतो, भांगलण नीट करतो, चार वेळा चक्कर मारतो. टनेज वाढते. मग पारावर सांगतो, औषध जबरी आहे. आम्ही विचारतो, शेजारी न फवारलेला प्लॉट ठेवला होता का? नव्हता. मग वाढ औषधाची की मशागतीची, हे कसे ठरवायचे?

बरे, शेजारी प्लॉट ठेवला. पण त्याकडे ढुंकून पाहिले नाही, तरी तुलना खोटीच. खरी चाचणी एकच. दुसऱ्या प्लॉटवर त्याच पंपाने, त्याच दिवशी, तेवढेच साधे पाणी फवारावे, बाकी मशागत सारखी ठेवावी, आणि कोणत्या प्लॉटवर काय मारले हे वजन करणाऱ्याला सांगू नये. सिंगापूरचा दुसरा गट हा न फवारलेल्या प्लॉटसारखा होता. ती मुले नुसती थांबली होती. खेळणाऱ्या मुलांना मात्र आठवड्यातून तीनदा कुणी तरी आणीत होते, शेजारी बसत होते, पाठीवर थाप मारीत होते. ही झाली मशागत.

साध्या पाण्याची चाचणी अमेरिकेत झाली. ७ ते १० वर्षांची १४४ मुले, प्रत्येकाच्या ३८ बैठका. सर्वांना पट्टी, सर्वांना तोच खेळ, तेच कौतुक. फरक एवढाच, की एका गटात खेळ मुलाच्या स्वतःच्या मेंदूवर चालत होता आणि दुसऱ्या गटात आधीच भरून ठेवलेल्या परक्या लाटांवर. कुणाला खरे आणि कुणाला खोटे, हे मुलांना, आईबापांना, गुरुजींना, इतकेच काय शेजारी बसणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. २०२१ साली छापलेला निकाल असा: दोन्ही गटांतील मुले पुष्कळ सुधारली, आणि सारखीच सुधारली. वर्षभराने पाहिले तरी दोहोंत फरक नव्हता. खऱ्या पट्टीच्या गटाला पुढे औषध थोडे कमी लागले, एवढी एक गोष्ट तिच्या बाजूने निघाली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये अशा ३८ चाचण्यांची, मिळून २,४७२ जणांची, एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. कुणाला काय दिले हे माहीत नसणाऱ्यांनी जे गुण दिले, त्यांत एकंदरीने सांगण्यासारखा फायदा दिसला नाही.

म्हणजे लेकरू सुधारले हे खरे, पण ते बहुधा पट्टीने नव्हे. वेळेवर नेले, कुणी शेजारी बसले, छोटे काम दिले, जमले की लगेच शाबासकी दिली, आणि आईबापाच्या नजरेत पोर "वाया गेलेले" होते ते "उपचार चाललेले" झाले. साखर दिली असे खोटे सांगितलेल्या आया आठवाव्यात. तिथे नजरेने पोर बिघडले, इथे नजरेने सुधारले. सगळा गुण नुसत्या नजरेचाच, असे आम्ही म्हणत नाही. ही मुले वयाबरोबरही थोडी निवळतात, आणि आईबाप त्यांना आणतात ते नेमके त्रास कळसाला गेला असता.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा एक व्हिडिओ गेम मंजूर केला, ही बातमीही काही ठिकाणी या केंद्रांच्या जाहिरातीत येते. तो खेळ पट्टीवर चालत नाही, हातानेच खेळायचा आहे. त्याच्या ३४८ मुलांवरील चाचणीत संगणकावरील लक्षाची परीक्षा मुलांना अधिक चांगली देता आली. पण घरच्या वागण्याबद्दल आईबापांनी दिलेल्या गुणांत दुसरा साधा खेळ खेळलेल्या मुलांपेक्षा फरक दिसला नाही. पडद्यावरचे लक्ष पडद्यावरच राहिले.

या संशोधनाला आम्ही नावे ठेवीत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठीही न्यूरोफीडबॅकवर काम झाले आहे. पुढे चांगल्या पट्ट्या निघतील, कोणत्या मुलाला लागू पडते ते कळेल. नवे वाणही आधी संशोधन केंद्राच्या प्लॉटवर वर्षानुवर्षे पाहतात, मगच शिफारस करतात. आमचे म्हणणे एवढेच, की प्लॉटवरच्या वाणाला शिफारशीचा भाव देऊ नये.

मग पोराचे काय करावे

"मग तसंच सोडू का लेकराला?" असे त्या सभासदाने दुसऱ्या भेटीत विचारलेच. सोडू नये. उलट लवकर दाखवावे, पण योग्य जागी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही सरकारी योजना ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाली. तिची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स व एक औषध निर्माता असतात. गाडी शाळेत आली की आपण समजतो जंताच्या गोळ्या द्यायला आले. परंतु त्यांच्या तपासणीच्या यादीत जे ३० आजार आहेत, त्यांत ऐकू कमी येणे, दिसणे कमी, बोलणे उशिरा, शिकण्यातील अडचण आणि हाच एडीएचडी ही नावे स्पष्ट आहेत. संशय वाटल्यास पथक पुढे पाठविते, आणि जिल्हा पातळीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र ही व्यवस्था त्यासाठीच आहे. तपासणीस आणि उपचारास पैसे नाहीत. अडचण एवढीच, की पथकाजवळ प्रत्येक मुलासाठी वेळ थोडा असतो. गुरुजींनी किंवा आईबापांनी बोट दाखविल्याशिवाय असे मूल त्या गर्दीत दिसणार नाही. म्हणून गाडी येणार त्या दिवशी स्वतः शाळेत जावे आणि तोंडाने सांगावे. खासगी इंग्रजी शाळांत ही फेरी जात नाही. त्यांच्या पालकांनी थेट जिल्हा रुग्णालय गाठावे. मनाच्या आजाराबद्दल फोनवर विचारायचे असल्यास १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्रीही चालतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

डॉक्टर आधी साध्या गोष्टी तपासतील, आणि ते बरोबरच आहे. फळ्यावरचे दिसत नसेल, कान वाहत असेल, रक्त कमी असेल, रात्री झोप होत नसेल, तर कुठल्याही लेकराचे ध्यान लागणार नाही. आमच्या डोळ्यांसमोर टोळ्यांची मुले येतात. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कोपीत राहायचे, पहाटे तीनला बैलगाडीबरोबर उठायचे, आणि उन्हाळ्यात गावी परतल्यावर शाळेने म्हणायचे की याचे लक्ष नाही. ते पोर आजारी नाही, थकलेले आहे. साखरशाळेच्या गुरुजींना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

आजार आहे असे ठरले, तर लहान वयात प्रथम आईबापांनी व गुरुजींनी वागण्याची रीत बदलणे, आणि मोठ्या मुलांत त्रास जास्त असेल तर जोडीस औषध, असा क्रम असतो. औषध मानसोपचारतज्ज्ञ वा बालरोगतज्ज्ञच देतात. मेथिलफेनिडेट या औषधावर पुष्कळ अभ्यास झालेला असून ते बऱ्याच मुलांत लक्षणे कमी करते. भूक मंदावते, झोप उशिरा येते, म्हणून वजन व उंची पाहत राहावी लागते. दुकानातून परस्पर आणून देण्याची ही वस्तू नव्हे.

रीत बदलणे म्हणजे काय, हे बालरोगतज्ज्ञांनी आम्हांस सांगितले तेव्हा आम्हांला ठिबकच आठवले. एकदम पाट सोडून जमीन पाणी धरीत नाही. थोडे थोडे, मुळाशी, वारंवार द्यावे लागते. मुलाला एका वेळी एकच काम सांगावे, तेही जवळ जाऊन, डोळ्याला डोळा भिडवून. दहा मिनिटांचा अभ्यास, मग अंगणात एक चक्कर, पुन्हा दहा मिनिटे. जमले की त्याच क्षणी शाबासकी. संध्याकाळची शाबासकी त्याच्या कामाची नाही. वर्गात पहिल्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर बसवावे. वह्या वाटणे, फळा पुसणे अशी उठण्याची कामे त्यालाच द्यावीत. चूक नीट ध्यानात घेतली तर पडद्यावरच्या विमानातही हेच होते: छोटे काम आणि लगेच निकाल. फरक असा, की याला बिल पडत नाही. आईबापाचा वेळ मात्र पडतो, आणि तोडणीच्या दिवसांत तो कुठून आणायचा हे आम्हांसही सांगता येत नाही. आज्जी-आजोबा घरात असतील तर त्यांना ही रीत शिकवावी. त्यांच्यापाशी वेळ असतो.

अशा काही मुलांना वाचण्या-लिहिण्याचीही वेगळी अडचण असते. अक्षरे उलटी पडतात, हिशेब तोंडी येतो पण कागदावर उतरत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना आपल्या राज्यात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी ठरलेल्या रुग्णालयाचा दाखला लागतो आणि दहावीच्या वर्षी धावपळ करून तो वेळेत हाती येईलच असे नसते. आठवी-नववीतच मुख्याध्यापकांना विचारावे.

एवढे वाचूनही कुणास विमानाचा खेळ करून पाहायचा असेल, तर आमची मनाई नाही. पट्टीने इजा झाल्याचे आमच्या वाचनात नाही. मात्र आधी डॉक्टरांची तपासणी करून घ्यावी, चालू औषध बंद करू नये, आणि चाळीस बैठकांचे पैसे एकदम भरू नयेत. कर्ज काढून तर मुळीच नाही. केंद्रवाल्याला एक प्रश्न विचारावा: साध्या पाण्याचा प्लॉट ठेवला होता का?

आमच्या त्या सभासदाने पैसे भरले नाहीत. माघ महिन्यात पथकाची गाडी शाळेत आली तेव्हा दोघे नवरा-बायको जाऊन उभे राहिले. तपासणीत लेकराचा डावा कान वाहतो आणि त्या बाजूने ऐकू कमी येते असे निघाले. ते घरात कुणाला ठाऊक नव्हते. कानाचे औषध चालू झाले. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी एक फॉर्म घरी आणि एक वर्गशिक्षकांना भरायला दिला आहे, कारण कान धरूनही चंचलपणा उरतो का, ते पाहायचे आहे. पुढची तारीख पाडव्यानंतरची आहे. गुरुजींनी त्याला पहिल्या बाकावर, उजवा कान त्यांच्याकडे येईल असे बसविले आहे.